दोरा तोडायचे दात

प्रश्न न विचारता माझ्या आतेबहिणीनं आयुष्यात एकच गोष्ट केली असावी, ती म्हणजे जन्म घेणं. आणि तेव्हाही ती रडली नसेल, ‘हे काय हाय?’ असं तिनं सुईणीलाच विचारलं असेल, अशी आमच्या घरात पक्की समजूत आहे. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. ती आता एकोणपन्नास वर्षांची आहे आणि अकोल्याच्या बाजारात तिचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक रुंद लाकडी पाट, डोक्यावर ताडपत्री, समोर ओल्या गोणपाटावर पसरलेला मोगरा, शेवंती, झेंडू आणि मधोमध मांडी घालून बसलेली अक्का. फुलं दाजी लावतात, गावाबाहेरच्या दीड एकरात. पहाटे तोडून ते स्कूटरवर आणतात आणि त्यानंतर दिवसभर शक्यतो गप्प राहतात, कारण घरातलं बोलण्याचं खातं अक्काकडे आहे.

तिच्या दुकानातून हार घेऊन जाणं सोपं नाही. हार मागितला की पहिला प्रश्न, ‘माणसाले का फोटोले?’ माणूस असेल तर त्याची उंची किती, पोट कितपत पुढे, फेटा बांधतो का; फोटो असेल तर कोणाचा, कधी गेले, कशानं गेले. मागे एका पुढाऱ्याच्या सत्कारासाठी हार न्यायला एक कार्यकर्ता धापा टाकत आला. म्हणाला, ‘मावशी, साहेब स्टेजवर चढून राहिले, द्या लवकर.’ अक्का शांतपणे म्हणाली, ‘चढू दे ना. मले एवढं सांग, थे हार घातल्यावर गळ्यात राहू देतात का लगेच काढून टेबलावर ठेवतात?’ कार्यकर्त्याला क्षणभर आठवावं लागलं. ‘लगेच काढतात,’ तो म्हणाला. ‘मंग शेवंतीचा हलका ने. निशिगंधाचा भारी काहून नेऊन राहिला टेबलासाठी?’ त्या कार्यकर्त्याचे साहेब नंतर दोनदा बदलले, पण तो हाराला अजून अक्काकडेच येतो.

लोकांना वाटतं ही बाई चोंबडी आहे. ते खरं नाही. चोंबड्या माणसाला दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्याला सांगायचं असतं. अक्काला फक्त कळून घ्यायचं असतं, आणि कळलं की तिचं पोट भरतं. अकोला-अमरावती एसटीच्या एका कंडक्टरला तिनं, मूर्तिजापूरला गाडी इतका वेळ का थांबते, तिथला चहा तर इतका फिका, असं विचारलं. त्याला सांगता येईना. पुढच्या खेपेला तो स्वतःहून तिच्या सीटपाशी आला आणि म्हणाला, ‘बाई, मी चौकशी केली तुमच्या त्या गोष्टीची.’ तिच्या नादानं माणसं अशी कामाला लागतात. ऐकताना ती तोंड किंचित उघडं ठेवते आणि मान एका बाजूला कलती करते. असं ऐकून घेणारं माणूस कुणाला रोज भेटत नाही, म्हणून लोक तिला नको तितकं सांगून बसतात.

अशा या अक्कानं सत्तेचाळिसाव्या वर्षी दातांना तार लावायची ठरवली, तेव्हा मात्र प्रश्न विचारायची पाळी दुसऱ्यांची होती. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली होती आणि ती वर्षावर्षाला वाढत होती. पण म्हणून काय झालं? जाऊबाई म्हणाली, ‘सासू व्हायच्या वयात दाताले तारा? कोनाले दाखवायचे हाये?’ शेजारच्या रसवंतीवाल्यानं तर्क केला की अक्का निवडणुकीला उभी राहणार आहे आणि पोस्टरच्या फोटोसाठी हे चाललंय. दाजींनी काहीच तर्क केला नाही. खरं कारण तिनं फक्त मला सांगितलं, तेही मी अमरावतीला राहतो आणि तिला दर महिन्याला माझ्याकडे उतरायचं होतं म्हणून.

कारण असं होतं. मोगऱ्याचा गजरा गुंफायला सुई लागत नाही. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, डाव्या हातानं चार फुलं समोरासमोर धरायची, उजव्या हातानं फास टाकून ओढायचा, पुन्हा चार फुलं. गजरा पुरा झाला की शेवटची गाठ एका हाताच्या दोन बोटांत दाबून धरायची, दुसऱ्या हातानं दोरा ताणायचा आणि तो दातांनी तोडायचा. दोन्ही हात गाठीवर असतात, त्यामुळे तोडायला तिसरं साधन दातच. अक्का आठ वर्षांची असल्यापासून असा दोरा तोडत आलेली. तिचा वेग असा की बघणाऱ्याला वाटावं, गजरा तिच्या हातातून आपोआप बाहेर येतोय. आणि आता फटीमुळे दोरा दातांत पकडलाच जाईना. निसटायचा. दोनदा-तीनदा चावावा लागायचा, तेवढ्यात गाठ सैल व्हायची आणि मोगरा गळायचा. ‘भाऊ,’ ती मला म्हणाली, ‘गुंफता येते अन् तोडता येत नाई, हे मले सहन होऊन नाई राहिलं.’ हे सांगताना ती हसली नाही. दिसण्यासाठी नव्हे, दोऱ्यासाठी तिला दात सरळ करून हवे होते.

अकोल्यात दातांचे डॉक्टर भरपूर आहेत. त्यांपैकी तिघांकडे अक्का जाऊन आली, पण तिघांनीही तिचे प्रश्न संपायच्या आत खुर्ची आडवी केली. आडवं पडून प्रश्न विचारता येत नाही, असा तिचा अनुभव. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नवीन होत्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी खुर्ची सरळ ठेवून पाऊण तास उत्तरं दिली. तार कशाची असते, दात हाडातून सरकतो तर मागे खड्डा पडतो का, आधी हिरड्यांचा इलाज कशाला, वरचा दात ओढला तर खालच्याला कळतं का. मी बाहेर बाकावर बसून दोन जुनी मासिकं वाचून काढली. त्या पाऊण तासात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला होता: ‘तुमच्या पुढच्या दाताच्या कडेला ही बारीक खाच कशाची आहे?’ त्यावर अक्कानं उत्तर देण्याऐवजी, खाच म्हणजे काय, ती दिसते कशी, आरशात मला दाखवा, असं सुरू केलं आणि गाडी तिकडेच गेली. तो प्रश्न तसाच राहिला. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

जवळजवळ दोन वर्षं अक्का दर महिन्याला अमरावतीला आली. येताना माझ्या बायकोसाठी गजरा आणि डॉक्टरांसाठी गुलाब आणायची. आपल्या दातांचा प्लास्टरचा साचा तिनं डॉक्टरांकडून मागून घेतला आणि दुकानात फुलांच्या टोपलीशेजारी ठेवला. गिऱ्हाइकांना ती तो उचलून दाखवायची: ‘हे पहिले होते. आता पाह्य.’ आणि मोठं तोंड उघडायची. पूजेसाठी फुलं घ्यायला आलेली माणसं दचकायची. एक म्हातारे गृहस्थ तर साच्याला हात जोडून गेले. मूर्ती कसली आहे ते त्यांना नीट दिसलं नसावं. त्या काळात दोरा तोडायची मनाई होतीच, पण ती तारेमुळे आहे असं अक्का समजत होती. तात्पुरती कात्री आणली होती. ‘तार निघू दे एकदाची,’ ती म्हणायची, ‘मंग पाह्य माही मशीन कशी चालते.’

तार काढायच्या एक महिना आधी डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. दात सरळ झाले होते, फट मिटली होती. पण डॉक्टर म्हणाल्या की दातांना आपली जुनी जागा आठवते. मोकळे सोडले तर ते परत जातात. म्हणून त्यांना धरून ठेवायला रिटेनर लागतो, आणि तो तुम्हाला निवडायचा आहे. त्यांनी टेबलावर तीन नमुने मांडले. पहिली बारीक पक्की तार, दातांच्या मागच्या बाजूला चिकटवून टाकायची; काढायचं नाही, घालायचं नाही. दुसरा पारदर्शक, पातळ, दातांवर टोपीसारखा बसणारा. जेवताना काढायचा, बाकी वेळ घालायचा, काही महिन्यांनी फक्त झोपताना. तिसरी टाळूला बसणारी गुलाबी प्लेट, पुढून तार; मजबूत, पण बोलताना सुरुवातीला जीभ अडखळते. ‘फट मिटवलेल्यांना मी पक्की तार सुचवते,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘पण कोणताही घ्या, काही गोष्टी कायमच्या बंद. बाटलीचं झाकण दातानं उघडायचं नाही, सुपारी फोडायची नाही, दोरा तोडायचा नाही.’

मी अक्काकडे पाहिलं. पहिल्यांदाच असं झालं की डॉक्टरांचं वाक्य संपलं आणि अक्काचं सुरू झालं नाही. ‘काही विचारायचंय?’ डॉक्टरांनीच विचारलं. ‘नाई,’ अक्का म्हणाली. डॉक्टर काळजीत पडल्या. त्यांनी तिला पाणी दिलं.

ऑटोत राजापेठ आल्यावर अक्कानं पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाली, ‘दोन वर्सं झाले भाऊ. हाड कसं सरकते थे इचारलं, तार चिकटवाचा डिंक कशाचा थे इचारलं, डाक्टरीनबाईच्या लग्नाचं बी इचारलं. अन् दोरा तोडता येईन का, एवढंच नाई इचारलं.’ मी म्हटलं, आता विचार, अजून वेळ आहे. ती म्हणाली, ‘इचारलं तं नाई म्हनतीन.’ उत्तर नको म्हणून प्रश्न विचारायचा नाही, हे अक्काच्या बाबतीत मी प्रथमच पाहत होतो आणि मला ते बरं वाटलं नाही.

पण स्वभाव जात नाही. महिनाभर तिनं रिटेनरची अशी चौकशी केली, जशी एखाद्यानं मुलीसाठी स्थळ बघताना करावी. तिला एकच गोष्ट शोधायची होती: तिघांपैकी कोणाबरोबर दोरा तोडता येईल. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलीला पक्की तार होती. अक्कानं तिला जिन्यात बसवून तोंड उघडायला लावलं आणि मोबाइलच्या उजेडात बघितलं. मुलगी म्हणाली, तारेमागे पालक अडकतो आणि एकदा कच्ची कैरी चावताना तार सुटली होती. ‘कैरीनं सुटते तं दोऱ्यानं सुटनच,’ अक्का मला म्हणाली. पहिलं स्थळ नापास. अकोल्यातल्या एका बँकेच्या साहेबांना प्लेट होती. त्यांनी ती लग्नात जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ताटाच्या कडेला ठेवली आणि वाढप्यानं ताट उचलून नेलं. साहेब सुटाबुटात मांडवामागच्या खरकट्याच्या पिंपात हात घालून उभे होते, आणि नवरीकडचे लोक म्हणत होते, साहेब, भूक लागली असेल तर पुन्हा बसा ना. हे साहेबांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. अक्काला पासबुकाच्या खिडकीतून सांगितलं. शिवाय प्लेटनं ‘शेवंती’ म्हणताना हवा सुटते, हेही तिनं त्यांच्याकडून म्हणवून घेऊन पाहिलं. फूलवालीला शेवंती म्हणता येत नसेल तर कसं चालायचं?

राहिला पारदर्शक. तो काढता येत होता, आणि अक्काला तेवढंच हवं होतं. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. ‘पक्की तार का नको?’ अक्का म्हणाली, ‘पालक अडकते.’ हे तिनं डॉक्टरांशी बोललेलं पहिलं खोटं. डॉक्टरांनी बजावलं, दिवसातले बावीस तास तोंडात पाहिजे, काढला की डबीत, डबी पर्समध्ये. अक्का हो म्हणाली, तार निघाली, नवा रिटेनर बसला, आणि संध्याकाळच्या एसटीनं ती अकोल्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज इतका खुशीत होता की मला वाटलं नातं ठरलं कुणाचं. ‘भाऊ, तुटला! एका चाव्यात तुटला!’

पद्धत तिनं अशी बसवली होती. गजरा गुंफेपर्यंत रिटेनर तोंडात. शेवटच्या गाठीला तो जिभेनं ढकलून काढायचा, दोरा तोडायचा, रिटेनर परत आत. पण दिवसाला गजरे शंभरावर. प्रत्येक वेळी काढ-घाल कोण करणार? मग दहा गजऱ्यांना एकदा, मग सकाळभर एकदा. डबी पर्समध्ये, पर्स पाटाखाली, आणि हात तर ओले. म्हणून जवळच्या वाडग्यात, जिथं मोगरा ताजा राहावा म्हणून पाण्यात ठेवलेला असतो, तिथं ती रिटेनर टाकू लागली. पाण्यात पारदर्शक वस्तू, वर तरंगणारी पांढरी फुलं. तो कुठं आहे हे फक्त बोटांना कळायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी बोटांना कळेना. अक्कानं वाडगा उपसला, गोणपाट झटकलं, पाट उलटा केला. मग तिच्या लक्षात आलं की सकाळी घरोघरचे फुलपुडे बांधताना या वाडग्यातली फुलं ओंजळीनं घेतली होती. रोज सकाळी पळसाच्या पानात देवपूजेची फुलं बांधायची, आणि दाजींनी स्कूटरवरून ते पुडे चाळीस घरांच्या फाटकांना अडकवत जायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. म्हणजे चाळीस घरांपैकी एका घरच्या देवाला त्या दिवशी मोगऱ्याबरोबर अक्काचा वरचा जबडा गेला होता.

दुसऱ्या एखादीनं मुकाट्यानं डॉक्टरांना फोन केला असता. पण फोन केला असता तर का काढला, कुठं ठेवला, हे सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा अक्कानं चाळीस घरं विचारायची ठरवलं. दुपारचं दुकान दाजींवर सोपवून रोज दोन-तीन घरं. आता, अक्का एखाद्या घरी गेली आणि ‘पुड्यात काई निघालं का?’ एवढंच विचारून परत आली, असं होणार नाही. एका घरी तिनं देव्हाऱ्याचं तोंड उत्तरेला का, ते विचारलं. एका घरी लोणचं कसं टिकवतात ते. एका घरी सुनेला रडताना पाहून दोन तास बसली. पंधरा दिवस गेले. आणि मग एका घरी, निवृत्त झालेल्या एका आजोबांनी देव्हाऱ्याच्या खणातून, हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारून, तो काढून दिला. स्वच्छ धुऊन ठेवला होता.

‘मले वाटलं, नवीन काई स्कीम असंन,’ आजोबा म्हणाले. ‘फुलासंगं फ्री. म्हनून घालून पाह्यला. आपल्याले नाई बसत.’

‘काहून नाई बसत?’ अक्कानं विचारलं, आणि पुढचा अर्धा तास आजोबांच्या कवळीची सगळी हकीकत ऐकून घेतली. कवळी त्यांनी कुठं केली, खालची का हलते, आणि आजी गेल्यापासून ती लावायचाही त्यांना कंटाळा का येतो, इथपर्यंत. ही गोष्ट अक्का फोनवर सांगत होती तेव्हा मी इतका हसलो की ऑफिसात लोक बघायला लागले. मग ती म्हणाली, ‘भाऊ, मी घरी येऊन उकळत्या पान्यानं धुतला अन् घातला. मले बी नाई बसत.’

उकळत्या पाण्यानं तो आखडला असेल, असं मी म्हटलं. ‘थे बी असंन,’ ती म्हणाली, ‘पन दोरा परत निसटून राहिला.’ मी हसायचा थांबलो. पंधरा दिवसांत दात आपल्या जुन्या वाटेला लागले होते. दोन वर्षांच्या फेऱ्या, हिरड्यांचा इलाज, दर महिन्याचं दुखणं, मऊ भात, आणि शेवटी मधे एक दोरा जाईल एवढी फट पुन्हा हजर. तिच्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली.

दुसऱ्याच दिवशी ती अमरावतीला आली. डॉक्टरांनी बघितलं आणि खुर्ची सरळ केली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आज मी विचारते, तुम्ही सांगा. रिटेनर काढायचात कशाला?’

अक्का माझ्याकडे बघू लागली. मी छताकडे बघू लागलो. मग तिनं पिशवीतून मोगऱ्याची पुडी काढली, माझ्या बायकोसाठी आणलेली, आणि दोऱ्याचं रीळ. चप्पल काढून ती त्या दवाखान्याच्या पांढऱ्या फरशीवर मांडी घालून बसली, दोरा अंगठ्याला अडकवला आणि गुंफू लागली. हातभर गजरा झाल्यावर गाठ धरली, दोरा तोंडाकडे नेला. चावला. निसटला. परत चावला. परत निसटला. ‘यासाठी,’ ती म्हणाली. डॉक्टर खुर्चीवरून उठून तिच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. ‘ती खाच!’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्या दिवशी विचारली होती मी.’ मग त्यांनी गजरा हातात घेतला, उलटसुलट केला, फास कुठून जातो ते बघितलं, पुन्हा एकदा हळू करून दाखवा म्हणाल्या. बाहेरच्या पेशंटनी दारातून डोकावून पाहिलं तर डॉक्टर फरशीवर आणि पेशंट शिकवतेय.

‘कात्री का नाही?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘कात्रीले हात लागते. हात गाठीवर हाय. उलीशीक ढिल्ली झाली तं फूल गळते.’

‘शिकाल तुम्ही. पण ऐका. दातांवर घालायच्या नव्या पारदर्शक साच्यानं ही फट मी पुन्हा मिटवू शकते, आता लहान आहे. त्यानंतर काय लावायचं ते तुम्ही ठरवा. पक्की तार लावली तर दात राहतील, दोरा जाईल. काढायचा रिटेनर घेतला तर थोडे दिवस दोरा राहील, मग दातही जातील आणि दोराही. आणि फार काळजीनं वापरला तर कदाचित दोन्ही राहतील. पण ते तुमच्यावर.’

अक्कानं गजरा पुडीत ठेवला. तिला कुणाला तरी विचारायचं असेल असं मला वाटलं. मला, दाजींना फोनवर, बाहेरच्या पेशंटना. तिनं कुणालाच विचारलं नाही. म्हणाली, ‘तार लावा बाई. काढता येते तोवर मी काढीनच. मले माहीत हाय ना मी.’

नवा साचा आला, दोन महिने अक्कानं तो खरोखरच बावीस तास घातला, फट मिटली आणि दातांमागे बारीक तार कायमची बसली. जीभ पहिले आठ दिवस सारखी तिकडे जाते म्हणाली, नंतर विसरली. पालक खरंच अडकतो, हेही तिनं डॉक्टरांना प्रामाणिकपणे कळवलं. मग कात्रीची चौकशी सुरू झाली. तीन शिंपी, एक न्हावी आणि एक भरतकामाच्या क्लासची बाई यांना विचारून तिनं बोटात अडकवून ठेवायची चिमुकली कात्री शोधली. त्या कात्रीनं काम होतं. पूर्वीचा वेग नाही, पण होतं. गिऱ्हाइकांना फरक कळत नाही. अक्काला कळतो.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामानं अकोल्याला गेलो होतो. दुपारी काम आटोपून दुकानावर गेलो. अक्कानं पाटावर सरकून मला जागा दिली आणि गुंफता गुंफता विचारायला सुरुवात केली: आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला नोकरी लागली का, डॉक्टरीणबाईंनी वजन कमी केलं म्हणतात ते कसं, आमच्या ऑफिसातला साहेब बदलला तर नवा कोणत्या गावचा. मी उत्तरं देत होतो. ती ऐकताना हसत होती आणि दात फार छान दिसत होते, हे मी तिला तोंडावर सांगितलं. ‘दिसू दे,’ ती म्हणाली.

गजरा संपत आला होता. तिनं शेवटची गाठ घातली, दोरा ताणला आणि सवयीनं तोंडाकडे नेला. हात ओठांपाशी थांबला. कात्री बोटातच होती. ती तिनं वापरली नाही. गाठ तशीच दाबून धरून तिनं दोरा माझ्यापुढे केला.

‘तोड,’ म्हणाली.

मी आजूबाजूला पाहिलं. भर बाजारात, इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. वाकलो आणि चावला. पहिल्यांदा नाही तुटला, दुसऱ्यांदा तुटला. तोंडात ओल्या सुताची आणि मोगऱ्याच्या देठाची कडवट चव राहिली.

‘आईचे दात गेले ना,’ गजरा ओल्या फडक्यात ठेवत अक्का म्हणाली, ‘तवा आई गजरा गुंफे अन् दोरा असा माह्याकडे करे. मी तोडत होती. आठ-नऊ वर्सं. आई गेली त्या आठोड्यापर्यंत.’

मला हे माहीत नव्हतं. अक्काची आई म्हणजे माझी सख्खी आत्या, तिच्या मांडीवर मी वाढलो. अक्का दोन वर्षं माझ्या घरी उतरत होती. या सगळ्या काळात तिच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात मी इतका गुंग होतो की मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं. फार वाईट वाटलं. म्हणून मी विचारलं, ‘दोरा पुढे करताना आत्या काय म्हने?’

अक्कानं नवा दोरा अंगठ्याला अडकवला, चार फुलं उचलली.

‘काई नाई म्हने,’ ती म्हणाली. ‘हात पुढे करे फक्त.’